न उच्चारलेला कौल

आत्मचरित्र लिहिणारे बहुतेक गृहस्थ आपल्या अजाण वयाची सीमा सोळा-सतरा वर्षांपाशी आखतात. माझे अजाण वय साठी उलटल्यावर सुरू झाले आणि तीन-चार वर्षे टिकले. त्यापूर्वी मी बऱ्यापैकी प्रौढ होतो. पाठशाळेत बारा वर्षे गुरूंसमोर मांडी घालून बसलो, वडिलांच्या मागे गावच्या देवाची पूजा हाती घेतली, पहाटे उठलो, वेळेवर जेवलो, आणि कोणा माणसावर भाळण्याचे काम कधी केले नाही. तरुणपणी करण्याचा तो मूर्खपणा माझ्याकडून राहूनच गेला होता. पुढे घरात मोबाइल आला आणि राहिलेले सर्व काही व्याजासह घडले. म्हणून माझ्या वाढीचे प्रकरण लिहायचे तर ते येथेच लिहावे लागेल. बालपणात सांगण्यासारखे फारसे काही नाही.

आमचे गाव गोव्याच्या सीमेजवळच्या डोंगरात, बाजारकुणंगच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून जंगलात शिरल्यावर लागते. देऊळ टेकाडावर आणि आमचे घर टेकाडाच्या पायथ्याशी. घराला जाग येते ती धनेश पक्ष्याच्या पंखांच्या आवाजाने. तो डोक्यावरून गेला की कोणी जाड कापड झटकीत चालले आहे असे वाटते. त्यामागून गुरांच्या गळ्यातील लाकडी लोढण्यांचा ठोका, आणि मग आमच्या सुमतीची रवी. सुमती माझी पत्नी. सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली, परंतु तिची नजर माझ्या बारा वर्षांच्या अध्ययनाला भारी आहे, हे ह्या प्रकरणात पुढे दिसेलच. तिच्या हातची वाफाळलेली मुडली मी आयुष्यभर खात आलो. मुडली म्हणजे आमच्या डोंगरातला मांडीएवढा कंद. उकडून, मीठ आणि खोबरेल लावून खावा, सोबत ओल्या हळदीच्या पानांची, ताकातली आंबट तंबळी असावी. त्या जेवणानंतर मनुष्याला जगाची बातमी लागावी असे वाटण्याचे काहीही कारण नसते. तरी मला वाटले.

मोबाइल रामनगरच्या महेशने दिला. महेश म्हणजे तिथल्या बसथांब्यासमोर मोबाइलचे दुकान चालवणारा, चाळिशीतला, कपाळाला टिळा लावून दुकानात बसणारा मनुष्य. त्याने मला फोन कसा धरावा, बोट कसे फिरवावे हे शिकवले आणि त्याच बैठकीत आपल्या पक्षाच्या गटात माझे नाव घातले. गावात रेंज येत नसे. ती येई एकाच जागी, भाताच्या खाचरांपलीकडच्या काळ्या खडकावर. सायंपूजेपूर्वी मी तिथे छत्री घेऊन जाऊ लागलो. तिथे अगोदरच निम्मे गाव बसलेले असे: कोणी गोव्यातल्या मुलाशी बोलत आहे, कोणी क्रिकेटच्या सामन्यातले षटकार पुन्हा पुन्हा पाहत आहे, बायका एका कोरियन मालिकेच्या हिंदी आवृत्तीत रडत आहेत. नायकाचे नाव कोणालाच उच्चारता येत नसे. ते त्याला ‘गोरा’ म्हणत, आणि गोऱ्याला लग्न ठरवण्यास इतका वेळ का लागतो यावर खडकावर वाद होत.

मी स्वतः काय पाहत होतो हेही सांगतो, कारण खोटे लिहिण्याचे वय आता राहिलेले नाही. मी गालिचे धुण्याचे व्हिडिओ पाहत होतो. परदेशातील एखादा मनुष्य चिखलाने काळा पडलेला गालिचा अंथरतो, त्यावर पाण्याचा झोत सोडतो, ब्रश फिरवतो, आणि अर्ध्या तासात त्याखालची वेलबुट्टी उजळून येते. मी ह्या दृश्यात चित्तशुद्धीचा दृष्टांत शोधत असे. आज वाटते, दृष्टांत वगैरे काही नव्हता. मला ते पाहायला आवडत होते. त्या खडकावर मला भेटलेल्या सर्व पुरुषांत गालिचे धुणारा तो एकच असा होता की ज्याने आधी मळ दाखवला, मग श्रम दाखवले आणि शेवटी माझ्याकडे काहीही मागितले नाही.

गालिच्यांच्या मध्ये मध्ये साहेब येऊ लागले. साहेब म्हणजे आमच्या भागातून निवडणुकीला उभे राहू पाहणारे पक्षाचे पुढारी. त्यांचे नाव लिहून ह्या वहीचा कागद मी खर्च करणार नाही. साहेब गाईला चारा घालताना, साहेब नदीत अर्घ्य देताना, साहेब म्हाताऱ्या बाईच्या पाया पडताना. आणि प्रत्येक वेळी मागे सिनेमातल्यासारखा ढोल व शंख. ज्याला संध्येचे अर्घ्यसुद्धा देता येत नव्हते त्या माणसाला मी राजर्षी समजलो. पाणी ओंजळीतून बोटांच्या टोकांकडून सोडायचे की मनगटाकडून, हे पाठशाळेतले आठ वर्षांचे पोर सांगेल. साहेब ते मनगटाकडून सोडत होते, मी पाहत होतो, आणि मनाशी म्हणत होतो की भाव महत्त्वाचा. ज्या मी आयुष्यभर यजमानांना एका दर्भासाठी अडवून ठेवले, त्या मी. एवढ्यावर थांबलो असतो तरी क्षम्य होते. मी साहेबांवर आठ श्लोकांचे स्तोत्र रचले. महेशने ते गटात टाकले आणि खाली हात जोडल्याची शेकडो चित्रे आली. सुमतीने विचारले, की ह्यातल्या कोणाला ते कळले आहे काय. मी म्हणालो, भक्तीला अर्थ लागत नाही. हे वाक्य मी ज्या सहजतेने उच्चारले त्याची आज किळस येते.

निवडणूक जवळ आली तेव्हा महेशने निरोप आणला की साहेबांना आमच्या देवाचा कौल हवा आहे. इथे कौलाविषयी थोडे सांगणे भाग आहे. आमच्याकडे गावाने एकत्र करायची कोणतीही गोष्ट देवाला विचारून होते. पाषाणाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवतात. भट देवाच्या बाजूला, लोकांकडे अर्धा वळून उभा राहतो आणि प्रश्न बोलतो. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. पडल्यावर भटाने तीन वेळा मोठ्याने सांगायचे: उजवा, किंवा डावा. त्यानंतर तो कौल साऱ्या गावाला बांधतो, आणि एकदा विचारलेला प्रश्न देवाला पुन्हा विचारीत नाहीत. साहेबांना हे सर्व ठाऊक होते. आमच्या खोऱ्यातील चार वाड्या ह्या देवाच्या शब्दावर चालतात. उजवा कौल म्हणजे चारही वाड्यांची मते.

साहेब दुपारी आले. सोबत गाड्या, उपरणी, आणि महेश. मी धूतवस्त्र नेसून, देहावर जानवे तेवढे ठेवून उभा होतो. गावचा मानकरी भिवाअप्पा, कुणब्यांमधील सर्वांत जाणता पुरुष, समोर उकिडवा बसला होता, त्याच्यामागे सारे गाव. साहेबांनी देवाला नमस्कार केला आणि लगेच पाठ फिरवून उभे राहिले. मला वाटले, काही विसरले असतील. तर त्यांनी हात लांब करून मोबाइल स्वतःच्या तोंडासमोर धरला. चौकटीत पुढे साहेब, मागे देव, बाजूला मी. देवाकडे पाठ करून कौल मागणारा मनुष्य मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तेही मी सोसले. प्रश्न असा होता: ह्या माणसाच्या हाती गावाचे बरे होणार असेल तर उजवा दे. मी तो बोललो. धूप वर चढत होता. बराच वेळ काही झाले नाही. मग डाव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

आता मी तीन वेळा ‘डावा’ म्हणायचे होते. माझ्या वाढीचे जे काही आहे ते ह्या एका क्षणात आहे, म्हणून तो जसा घडला तसाच सांगतो. मला कोणी दटावले नाही, कोणी माझे तोंड दाबले नाही. तो शब्द मीच गिळला. मला वाटले, देवाचे काही चुकले. चाळीस वर्षे ज्याच्या अंगावर पाणी घातले त्याच्याविषयी मला हे वाटले, आणि मोबाइलमधल्या माणसाविषयी वाटले नाही. तोवर महेशने जयजयकार सुरू केला होता, मंडळी साहेबांना खांद्याला धरून जेवायला घेऊन निघाली होती. मी पाकळी उचलून तबकात ठेवली. भिवाअप्पा जाताना माझ्याकडे पाहत थांबला, मग पायऱ्या उतरून गेला. मी घरी जाऊन वाढलेले ताट तसेच ठेवले आणि सुमतीला सांगितले की सोमवारच्या बैठकीत गावाला सांगीन. आज पाहुण्यांसमोर बरे दिसले नसते.

सोमवार यायच्या आधी व्हिडिओ आला. खडकावर सर्वांच्या हातांत तोच. ढोल, शंख, साहेबांचा चेहरा, त्यांच्यामागे आमचा देव, आणि देवाच्या उजव्या खांद्यावरून सुटणारी पाकळी. मी ती तीनदा पाहिली. तिन्ही वेळा उजवी. माझे डोळे त्या दिवशी फिरले होते की आज फिरले आहेत हे मला कळेना. आणि खरे सांगायचे तर मनाला एक हलका आनंदही शिवून गेला, की बरे झाले, देवाने साहेबांना होकारच दिला होता आणि माझीच नजर चुकली. मी फोन घरी आणून सुमतीसमोर धरला. महेशने तशी सोय करून दिल्यामुळे गटात आलेला व्हिडिओ फोनमध्ये आपोआप साठत असे, म्हणून तो रेंज नसतानाही दिसत होता. तिने कणीक मळता मळता मान वाकडी करून पाहिले.

“अहो, हे काय? श्राद्धाला बसल्यागत दिसताय की,” ती म्हणाली. “कुणाचं श्राद्ध घातलंत?”

मी पाहिले. चित्रातल्या माझ्या जानव्याचा दोरा उजव्या खांद्यावर होता. देवकार्यात जानवे डाव्या खांद्यावर असते. ते उजव्या खांद्यावर घेतले तर त्याला अपसव्य म्हणतात, आणि तसे केवळ पितरांचे कर्म करताना घेतात. मी आयुष्यात देवासमोर कधी अपसव्य उभा राहिलेलो नाही. म्हणजे फोनने सारे दृश्य आरशासारखे उलटे केले होते. माझा डावा खांदा उजवा झाला होता, देवाचाही डावा खांदा उजवा झाला होता. देवाने दिलेला नकार फिरवून होकार म्हणून जगाला दाखवला जात होता, आणि त्या होकाराशेजारी मी उभा होतो, जिवंत साहेबांना तिलांजली देण्याच्या वेषात. सुमती हसली नाही. तिने कणकेचे हात धुतले आणि म्हणाली, “आत्ता तरी बोला.”

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने रामनगरला गेलो. ट्रकांच्या रांगेतून वाट काढून महेशच्या दुकानात शिरलो. त्याने खुर्ची पुसली, चहा मागवला, सांगितले की मी फार प्रसिद्ध झालो आहे आणि साहेब माझा शालीने सत्कार करणार आहेत. मी त्याला जानवे दाखवले, चित्र दाखवले, आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. त्याने बोटाने चित्र थांबवून नीट पाहिले. त्याला कळले; तो मूर्ख नव्हता, मूर्ख असण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले होते.

“भटजी, पुढचा कॅमेरा तसाच दावतोय. आमी काय मुद्दाम केल्यालं न्हाई,” तो म्हणाला. “आणि डावं-उजवं कोण बघतंय? पडलं न्हवं? लोक खूष हाईत. तुमी कशाला वाईट वाटून घेताय?”

मी म्हणालो, देवाने नाही म्हटले आहे. तो म्हणाला, “मग तवाच का न्हाई बोललासा?” आणि आत आलेल्या गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवून द्यायला वळला. चहा कडू होता असे मला आठवते. कदाचित नसेलही.

सोमवारी दुपारी देवळात गाव जमले. मी सभामंडपात उभा राहिलो आणि सांगितले की त्या दिवशी पाकळी डावी पडली, देवाने नकार दिला आहे, गाव कोणालाही मत देण्यास बांधलेले नाही. मला वाटले होते की हे ऐकून लोक सुटकेचा श्वास घेतील. सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी फक्त शब्दांत सांगत होतो. मागच्या बाजूला कोणी तरी फोन काढला. तो हातोहात फिरला. देव समोर बसलेला असताना साठ-सत्तर माणसे माना खाली घालून देवाचे चित्र पाहत होती.

“मोबाइलात उजवी हाय,” एक जण म्हणाला.

मी जानव्याचा खांदा दाखवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले, आणि असे ठरवले की म्हातारपणी भटजींकडून जानवे चुकले असेल. मी मंडपातल्या घंटेकडे बोट दाखवले. ती देवळात उजवीकडे टांगली आहे, चित्रात डावीकडे दिसते. हा पुरावा आंधळ्यालाही पुरावा. त्यावर मागून शांतपणे उत्तर आले, “घंटा हालवली आसंल त्या दिशी.” चार मणांची, माझ्या आजोबांच्या काळापासून त्या तुळईला असलेली घंटा. कोणी हसले नाही. मी इतिहास-पुराणांत पुष्कळ माया वाचल्या आहेत, परंतु त्या सर्वांत राक्षसांना रूप बदलावे लागे, कष्ट पडत. इथे कोणालाच काही करावे लागले नव्हते.

मी भिवाअप्पाकडे वळलो. तो देवापासून चार हातांवर बसला होता; पाकळी पडताना त्याचे डोळे तिथेच होते. मी त्याला म्हणालो, तू तर पाहिलेस.

त्याने गुडघे चोळले. मग तो बोलला. “मला डावी दिसली, भटजी. पर तुमी गप बसलासा. चाळीस वर्सं तुमच्या तोंडानं देव बोलतोय. डावी असती तर तुमी बोलला असतासा. म्हणून मीच म्हनलं, माझं डोळं म्हातारं झालं.”

तो आरोप करीत नव्हता. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता, इतकेच तो सांगत होता. गावाने फोनवर विश्वास ठेवला असे म्हणून मला हसता आले असते. पण त्यांतल्या सर्वांत शहाण्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवले होते ते माझ्या मौनाच्या आधारावर. पुन्हा कौल लावायचा तर तोच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. बैठक उठली. चारही वाड्यांनी बांधल्याप्रमाणे मते दिली.

साहेब निवडून आले. पुढच्या भातकापणीपर्यंत त्यांनी पक्ष बदलला. नव्या रंगाचे उपरणे, तीच गाय, तेच अर्घ्य, पाणी तसेच मनगटाकडून, ढोल मात्र अधिक मोठा. महेशने जुना गट बंद करून नवा काढला आणि त्यात माझे नाव न विचारता घातले. मी बाहेर पडलो तर पुन्हा घातले. खडकावरच्या मंडळींना ह्या सर्वाचे फार दुःख झालेले मला दिसले नाही. गोऱ्याचे लग्न शेवटी जमले होते आणि त्याची चर्चा चालू होती. साहेबांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. ठपका आला तो देवावर. लोक हलक्या आवाजात म्हणू लागले की कौल आता पूर्वीसारखा खरा लागत नाही, देवाने फसवले. मुलींची लग्नेही देवाला न विचारता ठरू लागली. मला साहेबांचा राग आला नाही. तो पुरुष चिखलच होता आणि चिखल म्हणूनच आला होता. देवाने नाही म्हटले, आम्ही त्याच्या तोंडी होय घातले, आणि होय खोटे निघाल्यावर त्यालाच खोटे ठरवले, ही गोष्ट मात्र मला गिळवेना.

म्हणून त्या वर्षीच्या पारणीला, म्हणजे गावच्या वार्षिक उत्सवाला, जेव्हा सारे गाव नारळ घेऊन देवापुढे उभे राहते, तेव्हा मी नेहमीचे गाऱ्हाणे बाजूला ठेवले. गाऱ्हाण्याची रीत अशी की भटाने देवाशी एकेक वाक्य बोलायचे आणि गावाने प्रत्येकामागून “व्हय म्हाराजा” म्हणायचे; गावाचा होकार आल्याखेरीज पुढचे वाक्य बोलता येत नाही. मी म्हणालो, “देवा म्हाराजा, तू डावा दिला होतास.” सवयीने होकार आला. मी म्हणालो, “तुझा भट भ्याला आणि गप बसला.” ह्याला होकार फार जोरात आला, काही जणांनी तो दोनदा दिला. मी म्हणालो, “आणि ह्या गावानं डोळ्यांनी बघितलेलं सोडून दुसऱ्यानं दावलेलं खरं मानलं.”

कोणी बोलले नाही. मी थांबलो. नारळ हातात जड होऊ लागला. पोरे प्रसादासाठी चुळबुळ करू लागली, कोणी खोकले, कोणी वर तुळईकडे पाहिले. बायकांच्या रांगेतून सुमती माझ्याकडे टक लावून पाहत होती. बायकांनी होकार द्यायची रीत नाही, अन्यथा तिने तो केव्हाच दिला असता. मी पुन्हा तेच वाक्य म्हटले नाही. देवाला एकदा सांगितलेले पुरते, गावालाही पुरावे. उभा राहिलो. चाळीस वर्षे ज्यांच्या घरी मी सत्यनारायण सांगितला ते सर्व पुरुष आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होते. शेवटी पुढच्या रांगेत भिवाअप्पाने घसा साफ केला.

“व्हय,” तो म्हणाला. पुढचा ‘म्हाराजा’ त्याच्याकडून आला नाही, आणि त्याच्यामागून दुसरा कोणाचाही आवाज आला नाही.

एका माणसाचा अर्धा होकार देवाला चालतो की नाही, हे मी शिकलेल्या कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मी नारळ फोडला.